पंचावांचून खेळ

मुलांच्या खेळांविषयीं या सदरांत आम्हीं वेळोवेळीं लिहिलें आहे, व त्यावर येणाऱ्या पत्रांत एक तक्रार ठरलेली असते : मुलें खेळतात थोडें आणि भांडतात फार. तक्रार खोटी नाहीं. सुटीच्या दिवसांत चुलत, मावस, आते अशीं सारीं भावंडें एका ठिकाणीं जमलीं कीं पहिल्या दहा मिनिटांत डाव रंगतो, पुढच्या दहा मिनिटांत 'आउट'चा तंटा लागतो, आणि त्यापुढच्या दहा मिनिटांत कोणी तरी डोळे पुशीत स्वयंपाकघराच्या दाराशीं उभें असतें. मग आजी किंवा काका बाहेर येतात, धाकट्याच्या बाजूनें निकाल देतात आणि थोरला दिवसभर धुमसत राहतो. निकाल बरोबर होता कीं चूक, हें कोणी पाहत नाहीं; घरांत शांतता झाली म्हणजे पुरे. या महिन्यांत ज्या खेळाची ओळख वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे, त्याचा या तंट्याशींच निकट संबंध आहे. हा खेळ परदेशी आहे, वयानें अद्याप साठीचाही झालेला नाहीं, आणि त्यांत पंच मुळींच नसतो.

खेळाचें नांव अल्टिमेट. त्याचें साधन म्हणजे प्लॅस्टिकची एक तबकडी. बाजारांत व मुलांच्या तोंडीं ती फ्रिसबी या नांवानें प्रसिद्ध आहे. तबकडी आणि तिचें चक्राकार फिरणें पाहून कोणा अभिमानी गृहस्थांस श्रीकृष्णाच्या सुदर्शनाची आठवण होईल व हा खेळही मूळचा आपलाच, असें सिद्ध करण्याची उबळ येईल. तसला दावा करण्याची आम्हांस हौस नाहीं. या तबकडीचा जन्म स्वयंपाकघरांतला आहे, आणि तो अमेरिकेंतल्या स्वयंपाकघरांतला आहे.

कनेक्टिकट संस्थानांत ब्रिजपोर्ट या गांवीं फ्रिसबी नांवाच्या कुटुंबाचा एक कारखाना होता. फळांचें सारण भरून भट्टींत भाजलेला एक गोड पदार्थ ते पत्र्याच्या थाळींतून विकीत, आणि रिकाम्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे भिरकावीत. इकडे कॅलिफोर्नियांत फ्रेड मॉरिसन या तरुणालाही तोच नाद होता. १९३८ सालीं सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर तो आपल्या भावी पत्नीबरोबर केक भाजण्याची थाळी फेकण्याचा खेळ करीत असतां कोणा एकानें ती थाळी त्याच्याजवळ पंचवीस सेंट देऊन मागितली. दुकानांत तसली थाळी पांच सेंटांस मिळत होती. हिशोब ज्याचा त्यानें करावा. मॉरिसननें तो तेथल्या तेथें केला. पुढें महायुद्धांत तो वैमानिक झाला, हवेंत वस्तु कशानें तरते हें त्यानें अंगें अनुभविलें, आणि युद्ध संपल्यावर पत्र्याऐवजीं प्लॅस्टिकची तबकडी घडविली. आकाशांत उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांनीं तेव्हां सगळी अमेरिका भारून गेली होती. १९५५ सालीं त्यानें तिचा सुधारलेला नमुना केला, व १९५७ पासून व्हॅम-ओ नांवाच्या कंपनीनें तो बाजारांत आणला. फ्रिसबी हें नांवही त्याच वर्षीं पडलें.

येथपर्यंत ती केवळ फेकाफेकी होती. तिचा सांघिक खेळ केला तो शाळकरी मुलांनीं. न्यू जर्सींतील मेपलवुड गांवच्या कोलंबिया हायस्कुलांत १९६८ सालीं जोएल सिल्व्हर या विद्यार्थ्यानें हा खेळ शाळेंत सुरू करावा अशी सूचना विद्यार्थिमंडळापुढें मांडली. सूचना अर्धी थट्टेची होती, पण ती मंजूर झाली. रात्रीं शाळेच्या मोटारतळावर, दिव्यांच्या उजेडांत, हीं मुलें खेळूं लागलीं आणि खेळतां खेळतां नियम बांधूं लागलीं. ६ नोव्हेंबर १९७२ रोजीं रटगर्स व प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत पहिला आंतरविद्यापीठीय सामना झाला, व रटगर्सनें तो २९ विरुद्ध २७ असा जिंकला. जागतिक संघटना १९८५ सालीं स्थापन झाली, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१५ सालीं तिला पूर्ण मान्यता दिली. ऑलिंपिक सामन्यांत मात्र या खेळाचा प्रवेश अद्याप झालेला नाहीं.

आतां खेळ कसा तें सांगतों. मोठ्यांच्या खेळाचें मैदान १०० मीटर लांब व ३७ मीटर रुंद असतें, आणि दोन्ही टोकांस १८ मीटरांची एकेक पट्टी आंखलेली असते. प्रत्येक बाजूस सात भिडू. आपल्या भिडूनें फेकलेली तबकडी समोरच्या टोकाच्या पट्टींत झेलली कीं एक गुण. तबकडी हातांत असतां पळावयाचें नाहीं. एक पाय रोवून ठेवावयाचा व दुसरा वाटेल तसा फिरवून वाट शोधावयाची. अडविणारा भिडू समोर उभा राहून मोठ्यानें आंकडे मोजतो. दहा म्हणण्याच्या आंत तबकडी हातावेगळी झाली पाहिजे. ती जमिनीवर पडली, रेषेबाहेर गेली किंवा प्रतिपक्षानें झेलली कीं डाव त्यांच्याकडे. कोणी कोणास ढकलावयाचें नाहीं, धरावयाचें नाहीं, अंगावर जावयाचें नाहीं. सामान्यतः पंधरा गुण जो आधीं मिळवील तो संघ विजयी. सर्व खेळ इतकाच आहे, आणि पळण्याचा व्यायाम म्हणाल तर खो-खोच्या तोलाचा आहे.

तबकडी उडते कशी, हें मुलांस सांगण्यासारखें आहे व त्यासाठीं पनवेलीसारखें गांव दुसरें नाहीं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं येथील विमानतळाचें उद्घाटन झालें, तेव्हांपासून येथल्या पोरांची मान सदा आकाशाकडे असते. तबकडीची वरची बाजू किंचित् फुगीर असते. ती हवा कापीत पुढें गेली कीं विमानाच्या पंखाप्रमाणें हवा तिला वर उचलते. मग एका दहा वर्षांच्या मुलीनें आम्हांस विचारलें कीं विमान गरगर फिरत नाहीं, तर तबकडीनें कां फिरावें? प्रश्न मार्मिक होता. विमान हवेंत डोलूं नये म्हणून त्याला शेपूट दिलेलें असतें. तबकडीला तें नाहीं. भोवरा फिरत आहे तोंवर आरेवर उभा राहतो, थांबला कीं आडवा होतो. तबकडीचेंही तसेंच. फिरणें हेंच तिचें शेपूट. म्हणून नुसता जोर लावून फेकणाऱ्या थोराड मुलाची तबकडी लटपटत चार हातांवर पडते, आणि मनगटाचा झटका साधलेल्या लहान मुलीची तीच तबकडी मैदानाच्या दुसऱ्या टोकास जाते. उजव्या हातानें छातीवरून आडवी फेकलेली तबकडी वेग मंदावला कीं डावीकडे कलते. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे मुलें मुद्दाम उजवीकडे फेकून ती झाडाला वळसा घालून आणूं लागतात. त्यांत त्यांना जो आनंद होतो तो पाहण्यासारखा असतो.

शिकविण्याची पद्धति साधी आहे. अंगठा वर, चार बोटें कडेच्या आंत, उजवें खांदें समोर, एक पाऊल पुढें, आणि शेवटीं मनगट टॉवेल झटकावा तसें झटकावयाचें. ही पहिली फेक. दुसरी फेक दोन बोटांची, बाजूनें, चकती पाण्यावरून उडवितात तशी. ती येण्यास वेळ लागतो, व घाई करूं नये. झेलण्यासाठीं लहानांस प्रथम दोन्ही तळव्यांची रीत शिकवावी : एक तळवा खालीं, एक वर, आणि तबकडी मध्यें आली कीं टाळी. भाकरी थापणाऱ्या घरांतल्या मुलांस ती सांगावीही लागत नाहीं. बोटांनीं कड पकडण्याचा मोह मोठ्यांनाच होतो व नखेंही त्यांचींच दुखावतात.

गेल्या थंडीच्या दिवसांत नवीन पनवेलच्या एका मोकळ्या भूखंडावर आम्हीं आठवड्यांतून दोन संध्याकाळीं हा खेळ मांडला. जुन्या पनवेलींत तळ्याच्या बाजूस वाड्यांचीं अंगणें होतीं तेव्हां मुलांसाठीं जागा शोधावी लागत नसे. १८५२ सालच्या या नगरपालिकेची २०१६ सालीं महानगरपालिका झाली, घरें उंच झालीं, आणि अंगणें खालीं मोटारींस गेलीं. त्यामुळें जी जागा मिळाली तींतच आम्हीं चपला व पाण्याच्या बाटल्या मांडून हद्दी केल्या. पांच-पांच भिडू, नऊपासून चौदा वर्षांपर्यंतचीं मुलें व मुली एकत्र. खाडीकडून संध्याकाळीं वारा सुटे, आणि वाऱ्यास सामोरी फेकलेली तबकडी एकाएकीं वर चढून डोक्यांवरून निघून जाई. पहिले दोन दिवस झेलण्यापेक्षां आणण्याचाच व्यायाम अधिक झाला.

तिसऱ्या दिवशीं तंटा लागला. आम्ही त्याचीच वाट पाहत होतों.

आपल्या गल्लींतल्या क्रिकेटांतही पंच नसतो हें खरें. पण तेथें निकाल कोण देतो? ज्याची बॅट असते तो, किंवा ज्याचा आवाज मोठा तो. अल्टिमेटमध्यें पंच नाहीं याचा अर्थ निकाल नाहीं असा नव्हे. ज्याच्यावर आगळीक झाली तो स्वतः 'फाउल' असें ओरडतो व खेळ जागच्या जागीं थांबतो. ज्यानें ती केली असा आरोप आहे, त्याला विचारावयाचें : मान्य आहे कीं नाहीं? त्याला मान्य असेल तर आगळीक झालीच नसती तर जें झालें असतें, तें झालें असें धरून खेळ पुढें चालू होतो. मान्य नसेल, तर दोघेही आपण काय पाहिलें तें थोडक्यांत सांगतात, जवळच्या भिडूंनीं पाहिलें असल्यास त्यांना विचारतात, आणि एकवाक्यता होत नसेल तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते व तोच क्षण पुन्हां खेळला जातो.

या शेवटल्या कलमावर आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें, कारण सर्व खेळांत शहाणपणाचा भाग कोठें असेल तर तो येथें आहे. दोन माणसांनीं एकच गोष्ट दोन तऱ्हांनीं पाहिली, तर त्यांपैकीं एक खोटें बोलत असलाच पाहिजे, असें हा नियम मानीत नाहीं. कोणासही लबाड न ठरवितां तो दोघांस मागच्या पावलावर नेऊन उभें करतो. कोंकणांतल्या आमच्यासारख्या घरांना वाटणीचे दावे कांहीं नवे नाहींत. बांधावरच्या एका फणसापायीं सख्खे चुलते तीन-तीन पिढ्या एकमेकांच्या दारीं गेलेले नाहींत, आणि मूळ तंटा काय होता हें आज कोणास धड सांगतां येत नाहीं. खोटारडा हा शब्द एकदां तोंडांतून गेला म्हणजे मागें येण्याची वाट बुजते. मुलांच्या भांडणांत आम्ही वडील मंडळी निकालाची घाई करतों, आणि प्रत्येक निकालांत एकास खोटा ठरवितों, हें आमच्या कधीं लक्षांत येत नाहीं.

त्या तिसऱ्या दिवशीं एका अकरा वर्षांच्या मुलानें टोकाच्या पट्टींत उडी मारून तबकडी झेलली. गुण झाला म्हणून त्याच्या बाजूच्या मुलांनीं आरोळी ठोकली. प्रतिपक्षापैकीं कोणाचें तिकडे लक्षही नव्हतें. मुलगा उठला, मागें वळून चपलेच्या खुणेकडे त्यानें पाहिलें, आणि म्हणाला, "माझा पाय बाहेर होता." गुण गेला, आणि पुढें तो डावही गेला. त्याचा थोरला चुलतभाऊ त्याच्यावर संतापला, तें स्वाभाविक होतें. पण कडेला उभे असलेले त्याचे वडील, सुशिक्षित, उत्तम हुद्द्यावरचे गृहस्थ, हंसत हंसत म्हणाले, "अरे, तुला कोणी विचारलें होतें का?"

हें वाक्य आम्ही विसरूं शकलों नाहीं. त्या गृहस्थांस दोष द्यावा म्हणून आम्ही तें येथें लिहीत नाहीं. तसें वाक्य प्रत्येक घरांत निराळ्या वेषांत बोललें जातें. बाईंनीं दोन मार्क चुकून जास्त दिले तर गप्प बैस. वाहकानें तिकीट मागितलें नाहीं तर आपण होऊन कशाला काढावयाचें? मुलाला खरें बोलावयास आम्ही शिकवितों तें विचारल्यावर खरें बोलावयास. न विचारतां, आणि तेंही आपल्या तोट्याचें खरें बोलण्याची संवय कोठें लागावी, याची तजवीज आमच्या शिक्षणांत नाहीं व घरांतही नाहीं. शिस्तीच्या नांवाखालीं प्रत्येक ठिकाणीं आम्हीं एकेक पंच उभा केला आहे, आणि पंचाचें लक्ष नसतां काय करावें हें मुलें आपापसांत शिकतात.

अर्थात् या खेळाची भाबडी स्तुति करणें आम्हांस बरें वाटत नाहीं. पंच नसला म्हणजे सर्व मुलें हरिश्चंद्र होतात, असें नाहीं. आमच्या पांच-सहा आठवड्यांच्या अनुभवांत दोन अडचणी स्पष्ट दिसल्या. एक, ज्याची जीभ चालते त्याची बाजू नेहमीं खरी वाटते. वादविवादाच्या स्पर्धेंत बक्षीस मिळविलेला एक तेरा वर्षांचा मुलगा प्रत्येक तंट्यांत असें भाषण करी कीं समोरची मुलगी थकून 'राहूं दे' म्हणे. दुसरी, लाजाळू मूल आपल्यावर झालेली आगळीक सांगतच नाहीं. पहिल्यावर आम्हीं असा उपाय केला कीं दोघांनींही एकेकच वाक्य बोलावें, त्यापुढें चर्चा नाहीं. दुसऱ्यावर उपाय सोपा नाहीं. आपल्यावर झालेला अन्याय शांतपणें, न रडतां, मोठ्यानें सांगणें ही सुद्धां एक विद्याच आहे, व ती मुलींस विशेषतः उशिरां येते, कारण ती त्यांना येऊं नये अशीच घरोघरीं व्यवस्था असते. चौथ्या आठवड्यांत वर सांगितलेल्या त्या मुलीनें त्या वक्त्यास 'तुझें वाक्य झालें' एवढेंच म्हटलें, आणि तबकडी उचलली. तेव्हां आम्हांस फार बरें वाटलें.

पैसा आला कीं हें तत्त्व टिकतें काय, अशीही शंका कोणी घेईल. ती योग्य आहे. अमेरिकेंत २०१२ सालीं या खेळाची धंदेवाईक स्पर्धा सुरू झाली, तींत पंच नेमण्यांत आले. जागतिक संघटनेच्या सामन्यांत मात्र खेळाडूच आपले न्यायाधीश असतात, आणि सामन्याच्या शेवटीं एक प्रकार होतो तो आम्हांस गुणांपेक्षां महत्त्वाचा वाटतो. दोन्ही संघ मिसळून वर्तुळांत उभे राहतात, एकमेकांच्या खेळाविषयीं बरें-वाईट बोलतात, आणि नंतर प्रत्येक संघ प्रतिपक्षाच्या खिलाडूवृत्तीस गुण देतो. नियमांचें ज्ञान, अंगाशीं धक्काबुक्की न करणें, न्यायबुद्धि, मनावर ताबा ठेवून आनंदानें वागणें, आणि बोलण्याची रीत अशा पांच बाबी, प्रत्येकीस शून्यापासून चार, एकूण वीस. सर्वांत अधिक गुण मिळविणाऱ्या संघास निराळें बक्षीस असतें. पनवेलच्या मुलांना आम्हीं हे गुण देण्यास सांगितलें तेव्हां पहिल्या दिवशीं दोन्ही बाजूंनीं परस्परांस विसांपैकीं तीन-तीन दिले. पुढें आंकडे सुधारले. एकदां तर हरलेल्या बाजूनें जिंकलेल्यांस पंधरा दिले आणि जिंकलेल्यांनीं हरलेल्यांस अकरा, व या चार गुणांवरून घरीं जाईपर्यंत चर्चा चालली होती.

मुलें व मुली एकत्र, हें वाचून कित्येक घरांत भुंवया उंचावतील. आपल्या देशांत हा खेळ बहुतांशीं मिश्र संघांनींच वाढला आहे. सातांच्या संघांत एका बाजूचे चार, दुसऱ्या बाजूच्या तीन, अशी वांटणी असते. अंगाला अंग लावण्याची मनाई व फेकींत बळापेक्षां मनगटाचें काम, यांमुळें मुलींस येथें दयेच्या जागा मागाव्या लागत नाहींत. आपल्या खेळांत कच्चें लिंबू म्हणून एक भिडू असतो. तो खेळतो पण धरला जात नाहीं. धाकटीं भावंडें, लठ्ठ मुलें आणि एका वयानंतर सर्व मुली या कच्च्या लिंबांत मोडतात. येथें तसें करतां येत नाहीं, कारण मोकळा सुटलेला प्रत्येक भिडू गुण करूं शकतो, आणि त्याला तबकडी न देणारा संघ हरतो.

आणि केवळ मुलीच नव्हे. आमच्या भूखंडाशेजारीं एका इमारतीचें बांधकाम चाललें होतें; तेथल्या पहारेकऱ्याचीं दोन मुलें पहिले तीन दिवस कडेला बसून पाहत होतीं व लांब गेलेली तबकडी आणून देत होतीं. चौथ्या दिवशीं मुलांनींच त्यांना आंत घेतलें, कारण त्यांतल्या थोरल्याची परतफेक कोणाहीपेक्षां सरळ येत असे. एका आजींनीं आम्हांस बाजूस बोलावून हीं मुलें कोणाचीं, असें विचारलें. आम्हीं सांगितलें. त्यांनीं थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून लाडवांच्या डब्यांत दोन लाडू अधिक आले. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर निरनिराळ्या थरांतलीं तरुण मुलें-मुली एकाच संघांत हा खेळ खेळतात, त्यांवर '१७५ ग्रॅम्स' नांवाचा एक लघुपट निघाला व तो २०१५ सालीं अमेरिकेंतल्या सनडान्स महोत्सवांत दाखविला गेला. १७५ ग्रॅम हें तबकडीचें वजन. इस्रायलांत २००९ सालीं सुरू झालेल्या एका उपक्रमानें तर ज्यू व अरब मुलांना एकाच संघांत घालून हा खेळ शिकविला. इतर खेळ सोडून हाच कां निवडला, याचें उत्तर वर आलेंच आहे : येथें प्रतिपक्षाशीं बोलल्याशिवाय खेळतांच येत नाहीं.

राहतां राहिला परकेपणाचा आक्षेप. खो-खोचे नियम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें बांधले, आणि जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा भरली, तेव्हां दूरदूरच्या खंडांतलीं मुलें-मुली खुंटाला वळसा घालून पळतांना दिसलीं. त्यांनीं आपला खेळ घेतला. त्यांचा एखादा आपण घेतला तर बिघडलें कोठें? बॅडमिंटनचा एक जुना अवतार पुण्याच्या लष्करी छावणींत पूना या नांवानें खेळला जात असे, व तो आज परका म्हणून कोणी टाकून देत नाहीं. शिवाय तबकडीला नवें अंगण लागत नाहीं. ज्या मैदानावर खो-खो होतो त्याच मैदानावर ती उडते, आणि खो-खोंत तयार झालेलें मूल तबकडींत इतरांच्या दोन पावलें पुढें असतें, हें आम्हीं पाहिलें आहे.

ज्या घरांस हा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खेळण्यांच्या दुकानांत मिळणारी हलकी, पातळ तबकडी वाऱ्यांत टिकत नाहीं. खेळाच्या साहित्याच्या दुकानांतून १७५ ग्रॅमची मागून घ्यावी. दहा वर्षांखालील मुलांच्या हातास ती जड जाते. त्यांच्यासाठीं १४५ ग्रॅमची मिळते. एका तबकडीवर दहा मुलांचा खेळ चालतो, म्हणजे बॅट, चेंडू, पॅड यांच्या मानानें खर्च कांहींच नाहीं. पहिले आठ दिवस सामना खेळूं नये. दोघां-दोघांनीं समोरासमोर उभें राहून न पाडतां किती झेल होतात तें मोजावें. पनवेलच्या पावसांत जून ते सप्टेंबर चिखल होतो व ओली तबकडी हातांतून निसटते, तरी मुलें त्या वेळीं अधिक खुषीनें खेळतात. कपडे कोणी धुवावयाचे, हें आधीं ठरवून घ्यावें.

आणि वडील मंडळींनीं कडेला बसावें, पण खुर्ची मैदानाकडे पाठ करून ठेवावी. हें आम्ही थट्टेनें सांगत नाहीं. पहिल्या आठवड्यांत प्रत्येक तंट्यास मुलें थबकत व आमच्याकडे पाहत, आणि आम्ही दिसलों नाहीं तेव्हांच एकमेकांकडे पाहूं लागलीं.

तबकडीवर पक्क्या शाईनें नांव व घराचा पत्ता घालून ठेवावा. आमची पहिली तबकडी वाऱ्यावर चढून शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेली आहे, आणि तेथल्या सोसायटीचे सेक्रेटरी गांवाहून परत आल्यावरच किल्ली मिळेल, असें कळतें.